ढिगारा हिरवा झाला, पण माती कसदार झाली का?



वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर आणि वणीच्या पट्ट्यात, आपल्या कार्यकर्त्यांचे वर्षातून अनेकदा जाणे होते. गेल्या पावसाळ्यानंतर अशाच एका भेटीत आम्ही एका कोलाम कुटुंबाच्या वावराच्या बांधावर उभे होतो. वावराच्या पलीकडे खाणीतून काढलेल्या मातीदगडाचा डोंगर होता. त्यावर ओळीने लावलेली झाडे चांगली वाढली होती आणि लांबून तो डोंगर हिरवागार दिसत होता. खाली वावरात मात्र कापूस गुडघ्याच्या वर आला नव्हता आणि तूर जागोजाग पिवळी पडली होती. घरातले काकाजी म्हणाले, "त्या ढिगावर झाडं आली म्हणते. मंग आमच्या वावरात काऊन पिकत नाही? पाऊस आला का चिखल, ऊन पडली का गोटा."

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. नंतर जाणकारांशी बोलून आणि वाचन करून जे कळले ते या लेखात मांडत आहोत. खाणपट्ट्यातल्या आपल्या अनेक गावांचा हाच प्रश्न आहे. शिवाय मातीविषयीच्या चार गोष्टी ठाऊक असल्या तर ग्रामसभेत आणि जनसुनावणीत नेमके काय विचारायचे हेही कळते.

मातीचे थर

विहीर खोदताना आपण सगळ्यांनी पाहिले आहे की जमीन वरपासून खालपर्यंत एकसारखी नसते. सर्वांत वर हात-दीड हाताचा गडद रंगाचा थर असतो. पिकांची बहुतेक मुळे, गांडुळे, कुजलेला पालापाचोळा आणि डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जिवाणू याच थरात असतात. त्यातही वरची वीतभर माती सर्वांत जिवंत. त्याखाली घट्ट, कमी जिवंत माती लागते. काळ्या जमिनीत तिथे चुनखडीचे खडेही सापडतात. मग मुरूम आणि शेवटी खडक.

विदर्भातली काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून तयार झाली. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याच्याही खाली, त्याहून कितीतरी जुन्या काळातले वालुकाश्म आणि कोळशाचे थर आहेत. त्या जुन्या खडकांना भूगर्भशास्त्रात 'गोंडवाना' म्हणतात. हे नाव गोंडांच्या मुलखावरूनच पडले आहे.

खडक झिजून एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. म्हणून वरचा थर एकदा गेला की तो आपल्या हयातीत आपोआप परत येत नाही. पुढचे सगळे या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

उघड्या खाणीत काय होते?

कोळसा खोल असेल तर बोगद्याने काढतात. तो फार खोल नसेल तर वरचे सगळे उचलून बाजूला टाकतात आणि उघड्या खड्ड्यातून काढतात. आज आपल्या भागात बहुतेक कोळसा असाच निघतो. एक टन कोळशासाठी कित्येक घनमीटर माती आणि दगड हलवावे लागतात. या मातीदगडाला खाणीच्या भाषेत 'ओव्हरबर्डन' म्हणतात. गावातली माणसे त्याला नुसते 'ओबी' किंवा 'ढिगारा' म्हणतात.

या उलथापालथीत जमिनीचा क्रम उलटा होतो. सर्वांत आधी निघालेली कसदार माती ढिगाऱ्याच्या तळाशी जाते आणि सर्वांत खालून निघालेला वालुकाश्म, शेल, मुरूम आणि कोळशाचा चुरा वर येतो. म्हणजे ढिगाऱ्याच्या माथ्यावर जे दिसते ती माती नसून फोडलेला खडक असतो. त्यात रोप तग धरू शकते, कारण काही झाडे फार चिवट असतात. पीक घेणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

ढिगाऱ्याच्या मातीत काय उणे असते?

*पहिली उणीव मातीच्या पोताची.* त्यात दगडगोटे आणि रेती जास्त, बारीक माती कमी. पाणी खाली निघून जाते किंवा उतारावरून वाहून जाते. मुळांजवळ ओल टिकत नाही.

*दुसरी दाबाची.* अवजड डंपर आणि डोझर सतत फिरल्याने जमीन ठोकून बसते. चांगल्या शेतातली एक लिटर माती वाळवून तोलली तर साधारण १.२ ते १.४ किलो भरते. हेच वजन १.६ किलोच्या वर गेले की मुळांना आत शिरणे कठीण होते. ठोकलेल्या ढिगाऱ्यावर ते अनेकदा याहून जास्त असते. अशा जागी झाडाची मुळे खोल न जाता वरच पसरतात आणि उन्हाळ्यात झाड वाळते.

*तिसरी सेंद्रिय कर्बाची.* कर्ब म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आणि शेणखतातून मातीला मिळणारे बळ. सर्वसाधारण मोजमापात ०.५ टक्क्याहून कमी कर्ब म्हणजे कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम आणि त्याहून जास्त असेल तर चांगला मानतात. नव्या ढिगाऱ्यात पालापाचोळा कुजून आलेला कर्ब जवळजवळ नसतोच.

इथे एक फसगत होते. कोळसा हाही कार्बनच आहे. मातीत कोळशाची भुकटी मिसळलेली असेल तर प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचणीत तिचाही काही भाग मोजला जातो आणि अहवालात कर्ब 'भरपूर' दिसतो. पण कोळशातला कर्ब पिकाच्या किंवा जिवाणूंच्या उपयोगाचा नसतो. म्हणून खाणीजवळच्या मातीचा कर्ब जास्त आला तर आनंद मानण्याआधी नमुन्यात कोळशाचे कण आहेत का ते पाहावे आणि प्रयोगशाळेला तसे सांगावे.

*चौथी अन्नद्रव्यांची.* नत्र हे मुख्यतः सेंद्रिय पदार्थांतून येते. ते नसतील तर नत्रही नसते. हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी उपलब्ध नत्र असलेली जमीन नत्राने गरीब मानतात. स्फुरदही बहुधा कमीच असते. पालाश आणि चुना खडकाच्या जातीप्रमाणे कमीजास्त असतात.

*पाचवी जिवाणूंची.* कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून हवेतले नत्र देणारे रायझोबियम, मोकळेपणी नत्र बांधणारे अॅझोटोबॅक्टर आणि मुळांना चिकटून त्यांना दूरचे पाणी व स्फुरद आणून देणारी मायकोरायझा बुरशी हे मातीचे मजूर आहेत. ताज्या ढिगाऱ्यात ते जवळजवळ नसतात.

*सहावी गोष्ट जड धातू आणि आम्लता यांची.* खडकातले लोह, मँगनीज, जस्त, तांबे, क्रोमियम, शिसे, निकेल, कॅडमियम हवापाण्याच्या संपर्कात येऊन सुटे होऊ शकतात. ज्या कोळशात गंधक जास्त असते, तिथे ढिगाऱ्यातून आम्लयुक्त पाणी निघते आणि त्यात हे धातू अधिक विरघळतात. ईशान्य भारतात हा त्रास मोठा आहे. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक साधारणपणे एक टक्क्याहून कमी असल्याने इथे आम्लतेचा धोका त्या मानाने कमी. तरीही जागोजाग फरक पडतो, म्हणून तपासल्याशिवाय काही गृहीत धरू नये.

खालच्या वावराला त्रास का होतो?

आता काकाजींच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांचे वावर खोदले गेलेले नाही. मग ते का पिकत नाही?

पावसाळ्यात ढिगाऱ्यावरून बारीक गाळ वाहून येतो आणि बांध फोडून शेतात पसरतो. या गाळात जीव नसतो, पण तो फार बारीक असतो. तो काळ्या मातीच्या भेगा आणि छिद्रे बुजवतो. पाणी आत मुरत नाही, वर साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि तूर पिवळी पडते. ऊन पडले की त्याच थराची कडक पापडी होते आणि उगवणारे रोप तिला फोडू शकत नाही. "पाऊस आला का चिखल, ऊन पडली का गोटा" हे काकाजींचे वर्णन तंतोतंत खरे आहे. त्यात भर म्हणजे पानांवर बसणारी कोळशाची धूळ. खाणीतले पाणी सतत उपसले जात असल्याने आजूबाजूच्या विहिरींची पातळीही खाली जाऊ शकते.

वरच्या झाडांमुळे हा गाळ थांबायला हवा होता. पण ओळीने झाडे लावली आणि मधली जमीन उघडीच राहिली, तर झाडांच्या मधून पाणी माती घेऊन जाते. गाळ अडवते ते जमिनीलगतचे गवत आणि कुजणारा पाला. लांबून हिरवा दिसणारा ढिगारा जवळ जाऊन पाहावा लागतो तो यासाठी.

ढिगारा जिवंत करता येतो का?

येतो. याचे चांगले उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर आणि पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पद्मापूर कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर हे काम केले.

पद्मापूरला १० हेक्टरवर प्रयोग झाला. कारखान्याच्या सांडपाण्याच्या शुद्धीकरणातून निघणारा सेंद्रिय गाळ हेक्टरी ५० टन या प्रमाणात मिसळण्यात आला. रोपांच्या मुळांना जिवाणू खते आणि मायकोरायझा देऊन योग्य जातींची झाडे लावण्यात आली. आधी जवळजवळ नसलेले रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा चांगले वाढले. सेंद्रिय पदार्थ वाढल्याने आणि त्या गाळाचा सामू ८ च्या वर असल्याने धातू मातीतच बांधले गेले. क्रोमियम, जस्त, तांबे, शिसे, कॅडमियम अशा धातूंचा विषारीपणा ३४ ते ४३ टक्क्यांनी घटला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नोंदले आहे. गुमगावला साखर कारखान्यातला प्रेसमड वापरला गेला.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. नुसता खड्डा खणून रोप लावणे पुरेसे नाही. आधी सेंद्रिय पदार्थ, मग जिवाणू, मग झाड असा क्रम हवा. दुसरे म्हणजे, हेक्टरी ५० टन गाळ वाहून नेण्याचे काम एका शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. ढिगारा दुरुस्त करण्याची जबाबदारी खाण चालवणाऱ्याचीच आहे.

झाडांच्या निवडीचाही विचार व्हावा. सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर वाढतात, म्हणून ती सोयीची वाटतात. गावाला मात्र बांबू, करंज, आवळा, सिवन, पळस, मोह यांचा उपयोग असतो. मोहाला फुले यायला दहाएक वर्षे लागतात, म्हणून तो पहिल्या वर्षापासूनच लावायला हवा. सुरुवातीला गवत, ताग, धैंचा आणि स्टायलोसारखी चाऱ्याची द्विदल पिके पेरली तर जमीन झाकली जाते आणि नत्रही मिळते.

सर्वांत स्वस्त उपाय: वरची माती आधी जपणे

बाहेरून सेंद्रिय गाळ आणून माती घडवण्यापेक्षा असलेली माती वाचवणे कधीही सोपे. खोदकाम सुरू होण्याआधी वरचा थर वेगळा काढून वेगळा ठेवावा आणि भरून झालेल्या जागेवर लवकरात लवकर पसरावा. 'लवकरात लवकर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. उंच ढीग करून माती वर्षानुवर्षे ठेवली तर आतपर्यंत हवा पोहोचत नाही, जिवाणू मरतात, बियांची उगवण जाते आणि पावसात नत्र निघून जाते. अशी माती नावापुरती उरते. म्हणून ढीग कमी उंचीचा असावा, त्यावर गवत किंवा कडधान्य पेरलेले असावे.

हे नियमांतही आहे. खाणीला पर्यावरण मंजुरी देताना वरची माती ठरलेल्या जागीच साठवावी, ती फार काळ न वापरता ठेवू नये आणि जमीन सुधारणे व वृक्षलागवड यांसाठीच वापरावी, ही अट नेहमी घातलेली असते. ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, भोवती पाणी अडवणारे चर आणि गाळ बसण्यासाठी तळी असावीत, याही नेहमीच्या अटी आहेत. कोळसा खाणींसाठी २००९ पासून खाण बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि त्यासाठी पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात भरावे लागतात. लोह, मँगनीज यांसारख्या खनिजांना २०१७ चे खनिज संवर्धन व विकास नियम लागू आहेत. त्यांतही वरची माती वेगळी काढण्याची तरतूद आहे.

एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. कोळशासाठी १९५७ च्या कायद्याने संपादित झालेली जमीन कोळसा संपल्यावर मूळ मालकाकडे आपोआप परत येत नाही. तरीही त्या जागेची माती कशी राहते यावर शेजारच्या वावरांचे, नाल्यांचे आणि गुरांच्या चराईचे भवितव्य ठरते. म्हणून ज्यांची जमीन गेली नाही त्यांनीही या विषयात लक्ष घालायला हवे.

गावाने काय करावे?

१. खाण येण्याआधीच माती तपासून ठेवा. आधी माती कशी होती याचा कागद नसेल तर नंतर नुकसान सिद्ध करणे अवघड जाते. पीक निघाल्यावर शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खोल खड्डा करा. त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घेऊ नका. सगळी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असे करा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. नाव, गट क्रमांक आणि तारीख लिहून जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या. अहवालाची प्रत घरी जपून ठेवा.

२०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा १२ गोष्टी असतात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम त्यात नसतात. शेतात खाणीचा गाळ आला असेल तर त्यांची वेगळी तपासणी मागावी लागते.

२. घरच्या घरी पाहता येतील अशा खुणा. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. मिनिटा-दोन मिनिटांत रेती बसते, काही तासांत गाळ, चिकणमाती मात्र दिवसभर पाण्यात तरंगत राहते. आपल्या जुन्या मातीची आणि गाळ आलेल्या मातीची बाटली शेजारी ठेवली की फरक लहान मुलालाही दिसतो. पावसाळ्यात वाफसा असताना फावड्याने एक ढेकूळ उचलून गांडुळे मोजा. काहीच न सापडणे ही काळजीची खूण आहे.

३. जनसुनावणीत प्रश्न विचारा. २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. तो वाचून पुढील प्रश्न लेखी द्या: वरची माती किती खोलीपर्यंत काढणार? कुठे आणि किती काळ ठेवणार? ती कधी, कुठल्या जागेवर पसरणार? ढिगाऱ्याचा गाळ अडवायला काय करणार? कोणती झाडे लावणार, आणि ती निवडताना गावाला विचारणार का? मंजुरी मिळाल्यावर अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. त्याची प्रत ग्रामसभेने मागवावी. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत पर्यावरण रक्षण हे प्राधान्याचे काम आहे, त्यातून माती तपासणी आणि बांधबंदिस्तीचे प्रस्ताव देता येतात.

४. गाळ आलेल्या शेतासाठी. आधी पाणी आणि गाळ येण्याची वाट बंद व्हायला हवी, नाहीतर पुढचा खर्च वाया जातो. गाळ आला की लगेच तारखेसह फोटो काढून तलाठ्याकडे आणि कृषी सहायकाकडे लेखी कळवा. थर जाड असेल तर खरवडून काढा, दोन बोटांचा असेल तर नांगरून मिसळा. चांगले कुजलेले शेणखत एकरी दोन ते चार टन द्या. पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरून सहा-सात आठवड्यांनी, फुलोऱ्याच्या वेळी जमिनीत गाडा. बांधावर वाळा लावा, त्याची मुळे माती घट्ट धरतात. जड धातूंची तपासणी होईपर्यंत अशा जागी पालेभाज्या लावू नका, कारण काही धातू पानांत लवकर साठतात.

काकाजींच्या वावरातून मातीचे दोन नमुने आम्ही घेतले आहेत. एक गाळ आलेल्या भागातला, दुसरा वरच्या कोपऱ्यातला, जिथे अजून जुनी काळी माती आहे. दोन्ही बाटल्या त्यांच्या ओसरीवर शेजारी ठेवल्या तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले. मग वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढी तरी वाचली पायजे." पावसाच्या आधी तिथला बांध उंच करायचे ठरले आहे. ढिगाऱ्याच्या पायथ्याच्या चराचा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत लेखी मांडला जाईल.

आपल्या गावाजवळ खाण असेल किंवा येऊ घातली असेल, तर या उन्हाळ्यातच मातीचा नमुना देऊन टाका.